तुकूम : तलाव बांधणाऱ्या घराण्यांचा करार

चंद्रपूर शहरातील एका मोठ्या वस्तीचे नाव तुकूम आहे. तेथे राहणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या हे ध्यानात असेल की हा शब्द मुळात एका कराराचा आहे. जंगलातला ओढा अडवून जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असे गोंड राजवटीचे धोरण होते. अशा जमिनीला तुकूम म्हणत. चांद्याच्या हिरशहा राजाचे नाव या धोरणाशी परंपरेने जोडले जाते.

हे काम पिढीजात करणारा समाज म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील कोहळी. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवरील आपल्या ग्रंथात (१९१६) त्यांची ओळख तलाव बांधणारे अशीच करून दिली आहे. गोंड राजाने त्यांना काशीहून आणले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, आजच्या गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील तलाव मात्र डोळ्यांसमोर आहेत. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. पुढे लोकांनी त्यांना कोलासूर देव करून टेकडीवर बसवले. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे मराठी वाचकाला नवेगावबांध परिचित आहे, पण तो पक्ष्यांचे गाव म्हणून. त्या पाण्यामागील कारागिरीकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

ही कारागिरी कागदावर नव्हती. दोन टेकड्यांमधील खिंड हेरायची, उतार नजरेनेच जोखायचा, मातीची पाळ घालायची, जादा पाण्याला सांडव्याने वाट द्यायची आणि तुडूम उघडून धानाच्या बांध्यांत पाणी सोडायचे. वरच्या तलावाचे ओसंडलेले पाणी खालच्या तलावात जाई. या भागात पाऊस भरपूर पडतो. पण धानाला पाण्याची खरी निकड भासते ती पावसाळ्याच्या अखेरीस, लोंब्या भरताना. तलाव होता तो त्या काही आठवड्यांसाठी.

मोबदला रोख न देता जमिनीच्या रूपाने दिल्यामुळे बांधणारा काम संपवून निघून जाऊ शकत नव्हता. आजोबांनी घातलेली पाळ फुटली तर नातवाचे शेत बुडणार होते. गाळ काढणे, पाळीवर माती चढवणे, पावसाळी रात्री राखण करणे ही कामे स्वार्थातूनच होत राहिली. दुरुस्तीची जबाबदारी कराराच्या रचनेतच होती.

तथापि या व्यवस्थेला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. इंग्रजी अमदानीत मालगुजारांना गावाची मालकी मिळाली आणि त्यांच्यापैकी काही कोहळी होते. पाळीवर टोपलीने माती वाहणारे हात मात्र बहुधा कुळांचे आणि मजुरांचे असत, बेगारही होती. देवत्व पाटलाला मिळाले, माती वाहणाऱ्यांची नावे राहिली नाहीत. म्हणूनच १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले, हे न्यायाच्या दृष्टीने योग्यच होते.

चूक निराळ्या ठिकाणी झाली. मालकी सरकारकडे गेली. राखणदारी कोणाकडे गेली, हे नीट ठरलेच नाही. पूर्व विदर्भातील अशा सहा हजारांहून अधिक तलावांना आज माजी मालगुजारी तलाव म्हणतात, बोलीत ‘मामा तलाव’. लहान तलाव जिल्हा परिषदांकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी वाटणी झाली. अनेकांत गाळ साचला, बेशरम माजली, काठावर अतिक्रमणे आली. ज्यांना तुडुमाची वेळ कळत होती, त्यांना ती कोणी विचारीनासे झाले.

माती वाहणाऱ्यांच्या वंशजांना पाण्यावर हक्क हवा आणि पाळ राखण्यात त्यांचा हितसंबंधही हवा. जुन्या करारात दुसरी गोष्ट होती, पहिली नव्हती. नव्या कायद्याने पहिलीचे आश्वासन दिले आणि दुसरी गमावली. तुकूम हा शब्द आता फक्त पत्त्यात उरला आहे. त्याचा अर्थ पुन्हा वाचायचा तर या दोन्ही गोष्टी एकत्र मांडाव्या लागतील.