भूकंपाची वेळ आणि घराची भिंत

अकोल्याहून पातूरमार्गें वाशीमकडे जातांना मालेगांव तालुक्यांतील मेडशी हें गांव लागतें. त्याच्या खालीं जो काळा लाव्हाजन्य खडक आहे, तोच दक्षिणेस मराठवाड्यांत किल्लारीच्याहि खालीं आहे. हा खडक अचल आहे, ही समजूत जुनी. १९९३ पूर्वींच्या भूकंप-नकाशांत किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागांतच दाखविलेला होता.

वास्तविक त्या समजुतीस आधींच तडा गेला होता. कोयना धरणांत पाणी सांठूं लागल्यावर तेथें लहान धक्के जाणवूं लागले आणि ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे ६.३ परिमाणाच्या भूकंपानें कोयनानगर उद्ध्वस्त झालें. पुढें हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनें तेथील बारीक धक्क्यांवरून मध्यम धक्क्यांचें भाकीत करण्याचे प्रयोग केले. परंतु कोयनेस एकाच लहान क्षेत्रांत वारंवार धक्के बसतात, म्हणूनच हा अभ्यास शक्य होतो. इतरत्र ती सोय नाहीं.

चीनमध्यें हायचेंग येथें ४ फेब्रुवारी १९७५ रोजीं आधींच्या धक्क्यांवरून लोकांना घराबाहेर काढण्यांत आलें व पुष्कळ प्राण वांचले. कोडें सुटलें असें वाटलें. पण २८ जुलै १९७६ रोजीं तांगशान शहर सूचनेवांचून कोसळलें. सरकारी आंकड्याप्रमाणें २,४२,००० माणसें मृत्युमुखीं पडलीं.

किल्लारीसहि १९९२ च्या उत्तरार्धांत लहान धक्क्यांची मालिका जाणवली होती. मग भूमि शांत झाली. अशा मालिका बहुधा कांहीं न घडतांच विरून जातात. ही विरणार नाहीं, हें ओळखण्याचें साधन कोणाजवळ नव्हतें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीचें विसर्जन आटोपून गांव झोंपलें असतां, पहांटे चारच्या सुमारास भूकंप झाला. त्याचें परिमाण ६.२ च्या आसपास होतें. त्याहून मोठे भूकंप जगांत दरवर्षीं होतात. येथें मात्र बळींची संख्या दहा हजारांच्या घरांत गेली.

कारण घरांत होतें. भिंती जाड, पण आंतला व बाहेरचा दगडी थर एकमेकांस जोडलेला नव्हता. मध्यें नुसती माती. वर मातीनें जड झालेलें माळवद. हादऱ्यासरशीं थर सुटले आणि माळवद निजलेल्यांवर आलें. त्यानंतर ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं आणि २००२ च्या नकाशांत तो भाग वरच्या विभागांत घेण्यांत आला.

मराठवाड्यांतलें माळवद तेंच वऱ्हाडांत धाबें. भिंतीचे दोन्ही थर जोडणारे आरपार दगड, दारांच्या वरच्या पातळीवर सर्व भिंतींस कवटाळणारा अखंड पट्टा आणि धाब्यावर कमी माती, एवढें गवंड्याच्या हातचें काम आहे. भूकंपाची तारीख मेडशीच्या घरधन्यास आजहि कोणी सांगूं शकत नाहीं. आपल्या भिंतींत आरपार दगड आहे कीं नाहीं, हें मात्र तो आजच पाहूं शकतो.