चीनमधील इंग्रजीची परीक्षा

चीनच्या बादशाही दरबारानें इ. स. १९०५ सालीं एका फर्मानानें राजसेवेची जुनी परीक्षा बंद केली. सुमारें तेराशें वर्षें चाललेली ही परीक्षा. उमेदवारानें लहानशा कोठडींत स्वतःला कोंडून घ्यावें, कन्फ्यूशियस व त्याचे भाष्यकार यांच्या ग्रंथांवर निबंध लिहावे, आणि उतरला तर साध्या कुळांतला मुलगाही अधिकाराची पायरी चढावा, अशी तिची कीर्ति होती. परीक्षा गेली, परीक्षेवरची श्रद्धा मात्र राहिली. माणसाची योग्यता कागदावर तोलतां येते, आणि तोलणारा निःपक्षपाती असला म्हणजे निकाल निमूटपणें पत्करावा, ही समजूत त्या समाजाच्या हाडींमाशीं खिळलेली आहे. चिनी शाळांत इंग्रजी कसें शिकविलें गेलें हें ज्याला समजून घ्यावयाचें असेल, त्यानें पाठ्यपुस्तकें घटकाभर बाजूस ठेवून आधीं परीक्षेचे कागद पाहावे.

इंग्रजीची गरज दरबाराला पटली ती मानहानीनंतर. १८५८ च्या तिएन्त्सिनच्या तहांत ब्रिटिशांनीं असें कलम घातलें होतें, कीं अर्थाविषयीं वाद पडल्यास इंग्रजी मजकूर खरा धरावा. ज्या भाषेंत आपल्या देशाचें भवितव्य लिहिलें जाणार, ती जाणणारीं भरंवशाचीं माणसें आपल्या पदरीं नसावीं, ही गोष्ट दरबाराला बोचली. १८६२ मध्यें पेकिंग, म्हणजे आजचें बीजिंग, येथें तुंगवेनग्वान नांवाची भाषाशाळा निघाली. पहिले विद्यार्थी म्हणजे मांचू घराण्यांतील मूठभर मुलगे. पुढें १८६९ पासून मार्टिन नांवाचे अमेरिकन मिशनरी तिचे मुख्य झाले. येथेंही मासिक, त्रैमासिक, वार्षिक आणि दर तीन वर्षांनीं एक मोठी, अशी परीक्षांची माळच होती. परकी वकिलातींचे खलिते चिनींत उतरवावे, तहांतील कलमें परकी भाषेंत न्यावीं, हा मोठ्या परीक्षेचा गाभा. इंग्रजी चीनमध्यें आली ती अशी दस्तऐवजाची भाषा म्हणून. आणि दस्तऐवज वाचावयाचा असतो डोळ्यांनीं.

१९०४ च्या शिक्षणनियमांनीं मध्यम शाळांतील आठवड्याच्या ३६ तासांपैकीं पहिलीं तीन वर्षें ८ तास परकी भाषेला दिले. इतका उदार वांटा कोणत्याही पौर्वात्य देशानें आपण होऊन क्वचितच दिला असेल. त्याच सुमारास बॉक्सर बंडाबद्दल चीनवर लादलेल्या दंडाचा कांहीं भाग अमेरिकेनें परत देऊं केला आणि त्या पैशावर विद्यार्थी अमेरिकेस पाठविण्याचें ठरलें. १९०९ सालच्या पहिल्या निवडींत सहाशेंहून अधिक उमेदवारांतून ४७ निघाले. दुसऱ्या वर्षीं ७० निवडले गेले. त्यांत हू शि हे होते. चीनच्या वाङ्मयीन क्रांतीचे हे पुढचे अग्रणी. त्यांच्या परीक्षेची हकीकत मोठी गमतीची आहे. चिनी निबंधाला विषय आला होता कर्कटक आणि गुण्या यांविषयींच्या एका जुन्या वचनाचा. त्यांनीं नीतीचें प्रवचन न झोडतां, या दोन हत्यारांपैकीं आधीं कोणतें निघालें याची चिकित्सा केली. परीक्षकाला चिकित्सेचा नाद. त्यानें १०० पैकीं १०० गुण देऊन टाकले. इंग्रजींत ६० मिळाले. पहिल्या फेरींत त्यांचा नंबर दहावा आला आणि शेवटच्या यादींत पंचावन्नावा. त्याच यादींत दुसरे होते चाओ युआन-रेन. चिनी बोलींच्या ध्वनींचा असा कानसेन त्या पिढींत दुसरा झाला नाहीं.

१९४९ नंतर वारा फिरला. इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली व रशियनची चलती झाली. १९५२ मध्यें साऱ्या देशाला विद्यापीठप्रवेशाची एकच परीक्षा लागू झाली. तिला चिनी लोक गाओकाओ म्हणतात. १९५४ सालीं खालच्या माध्यमिक वर्गांतून परकी भाषाच काढून टाकली गेली. पुढें सोव्हिएट मैत्री आटली, तसें इंग्रजीनें पुन्हां डोकें वर काढलें. इतक्यांत १९६६ ची सांस्कृतिक क्रांति आली आणि तिनें प्रवेशपरीक्षाच उखडून टाकली.

या काळांतील एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. १९७३ च्या जुलैंत हेनान प्रांतांतील एका खेड्याच्या शाळेंत इंग्रजीची परीक्षा होती. पंधरा वर्षांच्या एका मुलीला पेपर येईना. तिनें उत्तरपत्रिकेच्या पाठीवर चार ओळी खरडल्या. आपण चिनी, आपल्याला परकी भाषा कशाला, तीवांचून क्रांति थोडीच अडणार आहे, असा त्यांचा आशय. शिक्षकांनीं तिला दोष दिला, शाळेंत बोभाटा झाला, आणि पोरीनें पाण्यांत जीव दिला. दुसऱ्या वर्षीं माओच्या पत्नी चिआंग चिंग यांनीं हें प्रकरण उचललें. मुख्याध्यापक व वर्गशिक्षक तुरुंगांत गेले. गांवोगांवच्या शाळांत शिक्षकांवर टीकेची झोड उठली. इंग्रजी शिकविणें हेंच धोक्याचें होऊन बसलें. मुलीच्या मृत्यूचें दुःख खरें होतें. परंतु त्याचा जो बाजार मांडला गेला, त्यांत ना मुलगी कोणाच्या ध्यानांत राहिली, ना तिला न समजलेलें इंग्रजी. न कळणारी भाषा सक्तीनें शिकवून तिची परीक्षा घ्यावी काय, हा प्रश्न तिनें विचारला होता, त्याचें उत्तर कोणीच दिलें नाहीं.

१९७७ च्या हिवाळ्यांत गाओकाओ पुन्हां सुरू झाली. अकरा वर्षें तुंबलेला लोंढा फुटला. सुमारें ५७ लाख उमेदवार बसले व पावणेतीन लाखांच्या आंतच जागा मिळाल्या. एका बांकावर मास्तर आणि त्याचाच शिष्य असे बसलेले होते. त्या वर्षीं इंग्रजीचा पेपर भाषा शिकूं इच्छिणाऱ्यांपुरताच होता. मग सरकारनें तिचें वजन हातच्या हातीं न वाढवितां पायरीपायरीनें वाढविलें : १९८० मध्यें मिळालेल्या गुणांपैकीं शेंकडा ३० धरावे, १९८१ मध्यें ५०, १९८२ मध्यें ७० आणि १९८३ पासून पुरे. खेड्यांत इंग्रजीचे शिक्षकच नव्हते. ते तयार होईपर्यंत दिलेली ही मुदत. राज्यकर्त्यांच्या शहाणपणाचा असा नमुना त्या काळांत विरळाच.

आतां लाखों कागद तपासावयाचे कोणीं? दहा परीक्षकांचे दहा तराजू. या अडचणींतून वाट काढली कँटन येथील परकी भाषा संस्थेचे प्राध्यापक ग्वेइ शिचुन व त्यांचे सहकारी यांनीं. १९८५ पासून ग्वांगडोंग प्रांतांत त्यांनीं नव्या धर्तीची प्रवेशपरीक्षा चालविली. प्रश्नापुढें तीन-चार उत्तरें छापलेलीं, विद्यार्थ्यानें योग्य तें खुणवावयाचें, आणि यंत्रानें खुणा मोजावयाच्या. त्यांचा हेतु केवळ श्रम वांचविण्याचा नव्हता. व्याकरणाचे नियम घोकून पास होण्याचा मार्ग बंद करून मुलांना इंग्रजी वापरावयास लावावें, ही त्यांची मनीषा होती. त्यांच्या सहकारी ली श्याओजू यांनीं १९९० मध्यें या परीक्षेच्या प्रभावाविषयीं लिहिलें, त्यांत एकाच क्रमिक पुस्तकाला चिकटलेले शिक्षक आतां बाहेरचें वाचन वर्गांत आणूं लागले, अशी समाधानाची नोंद आहे. १९८९ पासून ही पद्धति देशभर पसरली.

उताऱ्यांचें वाचन सुधारलें खरें. पण कान तसेच राहिले. विद्यापीठांत गेलेला तरुण जाड इंग्रजी ग्रंथ वाची, आणि समोर इंग्रज उभा राहिला कीं त्याचें तोंड पाहत राही. चिनी लोकांनींच याला ‘बहिरें-मुकें इंग्रजी’ असें नांव ठेवलें. कारण उघड होतें : ज्याला गुण नाहींत त्याला तास नाहीं. १९९९ पासून राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेंत श्रवणाचा भाग ग्वांगडोंगपासून आरंभून घालण्यांत आला, आणि तीन-चार वर्षांत तो बहुतेक प्रांतांत पोंचला.

या भागाची रचना पाहण्यासारखी आहे. एकूण १५० गुणांपैकीं ३० श्रवणाचे, प्रश्न २०. पहिले पांच लहान संवाद एकदांच ऐकवितात, व उत्तर खुणवून पुढचा प्रश्न वाचावयास दहा सेकंद मिळतात. पुढचे लांब संवाद व भाषणें दोनदां ऐकवितात. आरंभीं नमुना म्हणून एक संवाद असतो : सदऱ्याची किंमत किती? उत्तर, ९ पौंड १५ पेन्स. कित्येक वर्षें हाच सदरा आणि हीच किंमत. लाखों चिनी तरुणांच्या कानांत इंग्रजीचें दुसरें कांहीं राहिलें नसेल, तरी हा सदरा राहिला आहे. कांहीं शाळांत हा मजकूर ध्वनिक्षेपकांतून येतो, कांहींत लहानशा रेडिओ लहरीवरून प्रत्येकाच्या कर्णयंत्रांत. परीक्षेच्या दिवशीं शाळेभोंवतीं मोटारींचे कर्णे वाजविण्यास मनाई असते व बांधकामें थांबवितात.

वाचणाऱ्याला जें सोपें तें ऐकणाऱ्याला अवघड कां, याचें मूळ चिनी भाषेच्या घडणींत आहे. प्रमाण चिनींत शब्दावयव स्वरांत संपतो, नाहीं तर ‘न’ किंवा ‘ङ’ अशा अनुनासिकांत. बीजिंगकडे ‘र’ ची लकब तेवढी अधिक. शेवटीं ‘ट’, ‘प’, ‘क’, ‘स’ यांचा ठोसा त्या कानाला ओळखीचा नाहीं. इंग्रजींत तर भूतकाळ आणि अनेकवचन नेमकें त्या टोंकाच्या ध्वनींतच लपलेलें. छापलेल्या कागदावर तें अक्षर डोळ्यांपुढें उभें असतें. बोलण्यांत तें पुढच्या शब्दांत विरून जातें. त्यांतून चिनी क्रियापद काळाप्रमाणें रूप बदलीत नाहीं, म्हणून कान तो फरक शोधीतही नाहीं. मराठी माणसाला येथें सुदैवी म्हटलें पाहिजे. त्याच्या घरचीं क्रियापदें त्याला लहानपणापासून सतावीत असतात. शिवाय चिनींत सुराची चढउतार बदलली कीं शब्दच दुसरा होतो, इंग्रजींत तिच्यानें शब्द बदलत नाहीं, बोलणाऱ्याचा भाव बदलतो. ‘ठीक आहे’ हें रागानें म्हटलें कीं आनंदानें, असा प्रश्न त्यामुळेंच परीक्षेंत खुबीनें घालतात.

वाचनाचे गुण श्रवणाहून जास्त. २०२० पासून अनेक प्रांतांत आलेल्या नव्या प्रश्नपत्रिकेंत ते ५० आहेत, भाषाप्रयोगाला ३० व लेखनाला ४०. उतारे जाहिरातीचे, शास्त्राचे, प्रवासाचे, एखाद्या थोर मनुष्याच्या आठवणीचे. एका उताऱ्यांत गाळलेलीं पांच वाक्यें सातांतून निवडून जागच्या जागीं बसवावयाचीं असतात. हा प्रकार खरोखरच चांगला आहे, कारण लेखकाचा विचार कोठून कोठें गेला हें समजल्याशिवाय तो सुटत नाहीं.

मात्र हिकमती शिक्षकांनीं त्यालाही तोड काढली. प्रथम प्रश्न वाचा, मग उताऱ्यांत तोच शब्द हुडका, असले तोडगे वर्गांत पाठ करवितात. ची लुश्या या संशोधिकेनें २००५ सालीं दाखवून दिलें, कीं परीक्षा रचणाऱ्यांना भाषेचा वापर वाढावा असें वाटत होतें, आणि शाळांतून वाढली ती सरावाची घोकंपट्टी. परीक्षेवर मुलाचें सारें आयुष्य लटकत असेल, तर दुसरें काय होणार? ग्वेइ शिचुन यांनीं जी वाट घोकंपट्टी मोडण्यासाठीं आंखली, तिच्यावरूनच घोकंपट्टी नव्या वेषांत परतली.

श्रवणाच्या परीक्षेनें न्यायाचा प्रश्नही उभा केला. शांघायच्या मुलाला घरीं ध्वनिमुद्रणें, इंग्रज शिक्षक, परदेशची सहल. डोंगरांतील शाळेंत यंत्र आहे तर वीज नाहीं, अशी कित्येक वर्षें स्थिति होती. म्हणून कांहीं प्रांतांनीं श्रवणाचे गुण एकूण बेरजेंत धरलेच नाहींत. खेड्याच्या मुलांवर ही दया झाली. पण तेथील वर्गांतून श्रवणाचा तासही गेला, आणि तीच मुलें पुढें शहरांतल्या विद्यापीठांत बहिरीं ठरलीं. दयेनें नुकसान होतें तें असें.

गुणांची किंमत किती, हें २०१८ च्या नोव्हेंबरांत झेजियांग प्रांतांत दिसलें. तेथें इंग्रजीची परीक्षा वर्षांतून दोनदां होई. त्या खेपेचा पेपर कठीण गेला, म्हणून अधिकाऱ्यांनीं कांहीं प्रश्नांच्या गुणांना वाढीव वजन दिलें. हेतु कदाचित् चांगला असेल. पण ज्याचे ते प्रश्न बरोबर होते त्याचा फायदा झाला आणि ज्यानें दुसरे चांगले सोडविले तो मागें पडला. आईबापांत असंतोष पेटला, चौकशी झाली, डिसेंबरांत वाढीव गुण रद्द होऊन मूळ गुण कायम झाले, व जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. एका गुणाच्या फरकानें शेंकडों नंबर खालीं जाणाऱ्या देशांत हें होणारच होतें. २०२४ सालीं गाओकाओला नोंदलेले उमेदवार १ कोटि ३४ लाखांवर होते.

बीजिंगनें २०२१ पासून आणखी एक पाऊल टाकलें. तेथें ऐकणें व बोलणें यांची परीक्षा संगणकापुढें बसवून स्वतंत्र घेतात. तिला १५० पैकीं ५० गुण. मुलाला दोन संधि, आणि जास्त गुणांची धरावयाची. मुक्या इंग्रजीवर हा खरा उपाय म्हणावा लागेल.

ज्यांना खरोखरीच ऐकूं येत नाहीं अशा मुलांसाठीं २०१७ च्या नियमांत तरतूद आहे. त्यांना श्रवणाचा भाग माफ होतो व लेखी भागाचे गुण प्रमाणानें वाढवून पूर्ण १५० वर आणतात. म्हणजे १२० पैकीं ९६ मिळाले तर १२० धरावयाचे. मात्र इतरांचें श्रवण चालू असेपर्यंत त्या मुलांनीं प्रश्नपत्रिका उलटावयाची नाहीं व लिहावयाचेंही नाहीं. सुमारें वीस मिनिटें तीं मुलें हात आंवरून बसतात, आजूबाजूचीं डोकीं एकदम खालीं वांकलेलीं पाहतात, आणि पर्यवेक्षकानें खूण केली म्हणजे लेखणी उचलतात.