सहलिखित विद्यार्थी-मार्गदर्शिका

सहलिखित विद्यार्थी-मार्गदर्शिका : विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्यामागून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी एकत्र मिळून आंतरजालावर लिहिलेला, आणि ज्यात कोणाही वाचकास दुरुस्ती करण्याची मुभा असते असा, स्थानिक माहितीचा ग्रंथ. प्रवेशाचे अर्ज, वसतिगृहे, खानावळी, भाड्याच्या खोल्या, परीक्षा-शुल्काच्या मुदती हे त्याचे नित्याचे विषय होत. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात नियम असतो. तो नियम कोणत्या खिडकीवर, कोणत्या कागदांनिशी आणि किती हेलपाट्यांनंतर अमलात येतो, हे या ग्रंथात सापडते.

या लेखनाचे पूर्वरूप छापील आहे. 1960 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी यूरोपच्या प्रवासास निघालेल्या आपल्या सोबत्यांसाठी एक चक्रमुद्रित पुस्तिका काढली आणि तीतूनच पुढे ‘लेट्स गो’ ही प्रवासग्रंथांची माला उभी राहिली. छापील ग्रंथाची नवी आवृत्ती निघेपर्यंत जुनीतील दर व पत्ते शिळे व्हावयाचे, ही अडचण मात्र 1995 मध्ये वॉर्ड कनिंगहॅम याने पहिले विकी-संकेतस्थळ सुरू करून वाचकाच्याच हाती संपादनाचा अधिकार दिला, तेव्हा कोठे दूर होण्याजोगी झाली. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशात काय किंवा वाईच्या विश्वकोशात काय, नोंदीची छाननी आधी आणि प्रसिद्धी नंतर असा क्रम असतो. विकीत तो उलटा असून, प्रत्येक जुना पाठ दप्तरी शाबूत राहत असल्यामुळे खोडसाळ फेरफार क्षणात मागे घेता येतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत शिकणाऱ्या फिलिप नॉइस्ट्रॉम आणि माइक इवानोव या गणिताच्या विद्यार्थ्यांनी 2004 मध्ये आरंभिलेला ‘डेव्हिस विकी’ हा या प्रकाराचा ठळक नमुना होय. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी मांडलेला हा खटाटोप गावकऱ्यांनीही आपलासा केला, आणि त्याच धर्तीवर इतर गावांचे ग्रंथ व्हावेत म्हणून योजिलेल्या ‘लोकलविकी’ या उपक्रमास 2010 मध्ये नाइट प्रतिष्ठानाकडून 3,50,000 डॉलरचे साहाय्य मिळाले.

महाराष्ट्रात याच्या जवळपासचा अनुभव पुण्याचा असून तो निराळ्या परिणामाचा आहे. 2011 मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठानाने तेथील काही महाविद्यालयांत, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहवून घेण्याचा उपक्रम चालविला. परंतु इतरत्रचा मजकूर जसाच्या तसा उतरविल्याचे प्रकार इतके वाढले की, ते निस्तरता निस्तरता जुने स्वयंसेवक त्रासून गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उपक्रम गुंडाळावा लागला. याचा दोष विद्यार्थ्यांच्या नीतिमत्तेवर ठेवण्याचा सोपा मार्ग अनेकांनी पत्करला. प्रस्तुत लेखकास मात्र विषयाची योजनाच मुळात चुकली असे वाटते. कारण ज्या विषयात लिहिणाऱ्यास स्वतःचे असे काही सांगावयाचे नाही आणि ज्याचा वाचक केवळ गुण देणारा परीक्षक आहे, तेथे नक्कल हा आळसाइतकाच निरुपायाचाही परिणाम असतो. स्थानिक मार्गदर्शिकेत तसे होत नाही; वसतिगृहाच्या भोजनगृहावरील मजकूर चोरून आणावा तरी कोठून?

या दृष्टीने कर्नाटकाच्या बीदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांइतकी सुपीक भूमी क्वचितच सापडेल. हैदराबाद राज्यातील जुना बीदर जिल्हा 1956 मध्ये विभागला जाऊन उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे आणि बीदर, भालकी, औराद म्हैसूर राज्याकडे गेले. प्रथम हैदराबादचे उस्मानिया, मग धारवाडचे कर्नाटक, 1980 पासून कलबुर्गीचे गुलबर्गा आणि बीदर जिल्ह्यापुरते 2023 पासून खुद्द बीदर, अशी विद्यापीठांची हुकमत या मुलखावर पालटत आली, आणि प्रत्येक पालटासरशी अर्जाचा नमुना व दाखल्यावरील शिक्का बदलला. थोरल्या भावाने सांगितलेली वाट धाकट्याच्या उपयोगी पडत नाही ती यामुळे. त्यातच संविधानाच्या 371 (ञ) या अनुच्छेदान्वये या विभागातील शिक्षणसंस्थांत 70 टक्के आणि उर्वरित राज्यात 8 टक्के जागा स्थानिकांसाठी राखीव असल्या, तरी त्यांचा लाभ घेण्यास सहायक आयुक्तांच्या कचेरीतून पात्रतेचा दाखला मिळवावा लागतो. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या औरादच्या किंवा आळंदच्या मुलास कानडीतील तो अर्ज कोणत्या रकान्यात काय भरावे येथपासून समजावून द्यावा लागतो. बीदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीतील औषधी-कारखान्यांत रसायनशास्त्राच्या पदवीधरास उमेदवारीवर केव्हा व कोणत्या कागदांवर घेतात, 2017 मध्ये खुल्या झालेल्या बीदर-कलबुर्गी लोहमार्गावरील कोणती गाडी परीक्षेच्या वेळेस जुळते, कडगंचीच्या केंद्रीय विद्यापीठातून सायंकाळी आळंदकडे परतण्यास शेवटची बस कोणती, ही माहिती आज केवळ तोंडी फिरते आणि ती जाणणारा उत्तीर्ण होऊन गेला की त्याच्याबरोबर निघून जाते. मजकूर मराठी, कानडी आणि उर्दू या तिन्ही भाषांत असणे येथे अगत्याचे. त्यातही भाषांतराची वाट न पाहता ज्याने त्याने आपापल्या भाषेत आरंभ करावा हे श्रेयस्कर, कारण खोलीचे भाडे तिन्ही भाषांत सारखेच असते.

रचनेविषयी थोडे. कोरे पान पाहून नवागत लिहीत नाही, तो चुकीचे पान पाहून लिहितो; म्हणून प्रारंभीच्या मंडळीने काही डझन पाने, अपुरी का होईनात, भरूनच द्वार उघडावे. प्रत्येक विधानाशेजारी ते कोणत्या महिन्यात पडताळले याची नोंद असावी. घरमालक, अध्यापक व कारकून यांजवरील रागाचा निचरा पानांवर होऊ लागला तर ग्रंथ बदनामीच्या खटल्यात सापडतो, आणि निनावी लेखकाची सोय ती संचालकाची गैरसोय ठरते; तेव्हा व्यक्तीचे नाव न घेता व्यवहार सांगण्याचा दंडक आरंभापासून पाळावा. अंतिम वर्षाच्या संपादकाने आपला अधिकार द्वितीय वर्षातील कोणाकडे तरी परीक्षेपूर्वीच सोपवावा, कारण निकालानंतर जुना संपादक सापडत नाही. डेव्हिसप्रमाणे मजकूर श्रेयनिर्देशाच्या अटीवर मुक्त परवान्याखाली ठेवल्यास, संकेतस्थळाचे वार्षिक शुल्क भरावयास कोणी न उरले तरी नव्या मंडळीस जुनी प्रत घेऊन दुसऱ्या ठिकाणी ग्रंथ पुन्हा मांडता येतो. अशी प्रत दर सत्राअखेर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा करण्यास खर्च जवळजवळ नाही.