सेटलमेंटची हजेरी

आमच्या आजीला घड्याळ कळत नव्हतं, पण तिची वेळ कधी चुकली नाही. साठी उलटली तरी भल्या पहाटे उठून ती उंबऱ्याशी येऊन बसायची, आणि कुणी मोठ्यानं तिचं पूर्ण नाव घेतलं की "हाय जी" म्हणून ताडकन उभी राहायची. आम्ही नातवंडं मुद्दाम नाव पुकारायचो आणि खिदळायचो. तो हजेरीचा जबाब होता, हे मला कळलं वकिलीची सनद मिळाल्यावर, १९२४चा क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट पहिल्यांदा वाचला तेव्हा. आजी तोवर गेली होती.

सोलापुरात आजही रिक्षावाल्याला "सेटलमेंटला चल" म्हणतात, जसं "सात रस्त्याला चल" म्हणावं. कसली सेटलमेंट, हे कुणी विचारत नाही. तेव्हा तिच्याभोवती काटेरी तार होती, फाटकावर पहारा आणि आत कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट, मांग-गारुडी अशी 'गुन्हेगार जमातीं'च्या सरकारी यादीत नाव असलेली माणसं. विजापूर, हुबळी, गदग इथंही अशा वसाहती होत्या. मुंबई इलाख्यात हे काम ओ. एच. बी. स्टार्ट नावाच्या आयसीएस अधिकाऱ्यानं उभं केलं. माणूस दुष्ट नव्हता. १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीवर सरकारनं नेमलेल्या समितीचा तो अध्यक्ष होता आणि डॉ. आंबेडकर तिचे सदस्य. काम द्या, शाळा द्या, माणूस सुधारेल, असं त्याला मनापासून वाटे. सोलापुरात कापडगिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. भोंगा झाला की तारेतून माणसं गिरणीत जायची, पाळी संपली की परत तारेत. चांगलं वागणाऱ्याला पुढे तारेबाहेर घर मिळे. त्या वस्तीचं नाव 'फ्री कॉलनी', आणि ते नाव अजून तसंच आहे.

आजी सांगायची तेवढं थोडकं होतं. माणसं ओळीनं उभी करायची, नावं पुकारायची. लेकरू तापानं फणफणलं असलं तरी कडेवर घेऊन उभं राहायचं. माहेरी मयत झाली तर आधी पास मागायचा, मग रडायचं. पास संपायच्या आत परतला नाही तर गुन्हा, आणि तो गुन्हा शाबीत करायला चोरीबिरी काही लागत नसे. यादीतला माणूस हद्दीबाहेर सापडला, एवढं पुरे.

आता वकील म्हणून बोलतो. १९२४चा कायदा मुळात १८७१चा. त्याच्या आधी पंजाबातल्या अधिकाऱ्यांनी सांसी वगैरे लोकांना पासाशिवाय गाव सोडायची बंदी केली होती, नुसत्या परिपत्रकावर. तिथल्या चीफ कोर्टानं ते बेकायदा ठरवलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि तिच्याबद्दल बोललं सगळ्यांत कमी जातं. कोर्टानं अडवल्यावर सरकारनं चूक दुरुस्त केली नाही. कोर्टालाच अडवणारा कायदा केला. १८७१चा २७ क्रमांकाचा. सरकारनं अधिसूचना काढून एखादी जमात गुन्हेगार ठरवली की तीच अधिसूचना पुरावा, आणि कोणत्याही न्यायालयानं तिच्या वैधतेवर प्रश्न करायचा नाही. "मी त्या जमातीचा नाही" म्हणून रजिस्टरातलं नाव काढून मागायला वाट होती. "मी चोरी केलेली नाही" हे सांगायला जागाच नव्हती, कारण तसा आरोपच नव्हता. याच कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांचीही नोंदवही घातलेली होती, हेही सहसा सांगितलं जात नाही.

त्या वेळी सरकारचे कायदा सदस्य होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. पुढच्याच वर्षी त्यांनी पुराव्याचा कायदा दिला, तो आम्ही ३० जून २०२४पर्यंत वापरला. ऐकीव गोष्ट चालणार नाही, आरोपीच्या वाईट चारित्र्यावरून गुन्हा शाबीत होत नाही, हे मी त्याच कायद्यात शिकलो. एकाच माणसाच्या कारकिर्दीत दोन्ही झाले. याचं मला अजून नवल वाटतं.

१९११ साली कायदा ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू करता येईल असा झाला. बोटांचे ठसे आले, लेकरांना आईबापांपासून वेगळं काढायची तरतूदही त्यात होती. १९३६ साली मुंबईत नागरी स्वातंत्र्याची संघटना निघाली, रवींद्रनाथ तिचे अध्यक्ष. त्याच वर्षी नेहरूंनी नेल्लोरच्या भाषणात हा कायदा म्हणजे नागरी स्वातंत्र्याचा नकार आहे, असं म्हटलं. तरी कायदा देशभरातून जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावं लागलं. म्हणून आमच्याकडे विमुक्त दिन ऑगस्टच्या शेवटी असतो, १५ तारखेला नाही.

यादी गेली. मग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९चा. शब्द बघा. विणकराचा हात सराईत असला तर कौतुक. पोलिसांच्या अहवालात तोच शब्द आला की माणूस संपला. गेल्या वर्षी माझ्याकडे एक पारधी पोरगा आला. चॅप्टर केस, म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा बॉन्ड मागणारी, जुनं ११० कलम, आता बीएनएसएसचं १२९. अहवालात 'सराईत' चार वेळा, शिक्षा एकही नाही. आयुक्तालयाच्या शहरात अशा केसेस ज्याच्यासमोर चालतात तो कार्यकारी दंडाधिकारी सहसा सहायक पोलीस आयुक्तच असतो. म्हणजे अहवाल पोलिसांचा आणि निवाडाही पोलिसांचाच. बॉन्डसाठी त्याला जामीनदार मिळेना. ३ ऑक्टोबर २०२४च्या सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना बजावलंय. तो निकाल मी जोडला. तारीख पडली.

जामिनाच्या अटीतली हजेरी आणि आजीची हजेरी एक नव्हे, हे मी पक्षकारांना नेहमी सांगतो. जामिनाच्या अटीमागे एक खटला असतो, न्यायाधीशाची सही असते, वर अपील असतं. आजीच्या हजेरीमागे फक्त राजपत्र होतं.

१० जुलै २०२५ला महाराष्ट्र विधानसभेनं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. बारा हजारांवर हरकती-सूचना आल्या होत्या, त्यात एक माझी. हे विधेयक जातींबद्दल नाही, संघटनांबद्दल आहे, त्यात सल्लागार मंडळ आहे. १८७१शी त्याची बरोबरी मी करणार नाही. पण बेकायदा ठरवण्याची सुरुवात तिथंही सरकारी अधिसूचनेनंच होते, म्हणून मी ते दोनदा वाचलं.

तुम्हीही वाचत जा. पुढचं विधेयक हरकतींसाठी खुलं होईल तेव्हा नाव आणि उद्देश यांत अडकू नका, ते नेहमी चांगलेच असतात. 'कोणत्याही न्यायालयास' या शब्दांनी सुरू होणारं कलम शोधा. ते बहुधा शेवटच्या पानांत असतं.