गाडीवर शेतात जाणाऱ्यांनी चालायचं कधी? शतपावलीचा हिशेब

"आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला वेगळं चालायची काय गरज?" पारावर हे हमखास ऐकायला मिळतं. पण आता शेतात जायचं ते गाडीवर, नांगरट ट्रॅक्टरने आणि मोटार चालू होते मोबाईलवरून. गेल्या साली माझीच साखर काठावर निघाली, तेव्हा डोळे उघडले. आयसीएमआरच्या २०२३ साली आलेल्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागात शंभरातल्या जवळपास नऊ प्रौढांना मधुमेह आढळला.

दिवसभर खुरपणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बायांना मात्र कोणी चालायला सांगू नये. त्यांना विसावा पाहिजे.

चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. जेवणानंतर साखर वाढते, म्हणून जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर ती कमी चढते. आपली शतपावली तीच. पण शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट, तेवढ्यावर घरात येऊ नका.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. दहा-दहा मिनिटं तीनदा केलं तरी चालतं. वेग असा ठेवा की सोबत्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. यानं रक्तदाब उतरायला मदत होते, झोपही लागते. मोबाईलमधल्या दहा हजार पावलांचं दडपण घेऊ नका. तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना पुढे आला. त्याहून कमी पावलांनीही फायदा होतो.

डांबरी रस्त्यावर उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. अंधारात टॉर्च पाहिजेच, गाड्यांसाठी आणि जनावरासाठीही. साखर असणाऱ्यांनी अनवाणी फिरू नये. पाय बधिर असेल तर काटा मोडलेला कळत नाही आणि जखम चिघळते. रात्री तळवे बघत जा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. चालणं सुरू केलं म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

चालताना छातीवर दाब आला, हाताला किंवा जबड्याला कळ लागली, दरदरून घाम फुटला, तर "गॅस झाला" म्हणून सोडा पीत बसू नका. जागीच थांबा, खाली बसा आणि १०८ ला फोन लावा.