आदल्या रात्री काय झालं होतं? ग्लुकोज टेस्टच्या इतिहासातून एक धडा



आजचा विषय आहे कर्बोदकं, आहार आणि झोप यांचा चयापचयाशी असलेला संबंध. पण थेट विज्ञानात शिरण्याआधी माझीच एक फजिती सांगतो, म्हणजे हा इतिहास मी का वाचायला घेतला ते कळेल.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक छोटासा पायलट केला होता. होस्टेलवरची ओळखीची मुलं गोळा केली. सकाळी उपाशीपोटी यायचं, रक्त द्यायचं, ७५ ग्रॅम ग्लुकोज विरघळवलेलं पाणी प्यायचं, दोन तास बसायचं आणि पुन्हा रक्त द्यायचं. सगळे विशीतले, सडपातळ आणि ठणठणीत. तरीही चार-पाच जणांची दोन तासांनंतरची साखर १४० च्या वर गेली. मी तर खूशच झालो! तरुणांमध्ये लपलेला मधुमेहाचा धोका वगैरे शीर्षकही मनात तयार झालं.

गाईड मॅडमनी तक्ता पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "ही मुलं आदल्या रात्री काय करत होती?"

मला उत्तर देता येईना. मग एकेकाला विचारत बसलो. तो आठवडा सबमिशनचा होता, त्यामुळे दोघं-तिघं रात्री जेमतेम तीन तास झोपले होते. एकाने जिमच्या नादात पंधरा दिवस पोळी-भात बंद करून फक्त अंडी, पनीर आणि चिकन चालवलं होतं. एकाची त्या दिवशी एकादशी होती आणि तो साबुदाण्याची खिचडी खाऊन आला होता. वर मलाच म्हणाला, "तूच म्हणालास ना उपवास करून ये!"

माझ्या फॉर्ममध्ये यातल्या एकाही गोष्टीसाठी रकाना नव्हता. दोन महिन्यांचं काम ड्रॉवरमध्ये गेलं. नंतर जुने पेपर वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की मॅडमचा हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. वेगवेगळ्या पिढ्यांच्या संशोधकांनी तो पुन्हा पुन्हा विचारलाय आणि दर वेळी तो थोडा आणखी मागे सरकलाय.

पहिला टप्पा: आधीचे काही दिवस

सुरुवात करू प्रागपासून. १८९० च्या सुमारास तिथे फ्रान्झ हॉफमाइस्टर हा शास्त्रज्ञ कुत्र्यांवर प्रयोग करत होता. त्याने कुत्र्यांना काही दिवस उपाशी ठेवलं आणि मग पिष्टमय अन्न दिलं. एरवी ते अन्न सहज पचवणाऱ्या या कुत्र्यांच्या लघवीत साखर उतरली. त्यांचं स्वादुपिंड शाबूत होतं, मधुमेह नव्हता, फक्त आधी उपास घडला होता. हॉफमाइस्टरने या अवस्थेला 'भुकेचा मधुमेह' म्हटलं.

हा निकाल आपल्या सहज समजुतीच्या उलट आहे. आपल्याला वाटतं की साखर कमी खाल्ली तर शरीर पुढच्या साखरेला जास्त चांगलं तोंड देईल. पण शरीर म्हणजे काही रिकामी टाकी नव्हे. कर्बोदकं मिळेनाशी झाली की ते चरबी जाळण्यावर जातं. रक्तातली मेदाम्लं वाढतात, स्नायू ग्लुकोज कमी उचलतात आणि इन्सुलिनचा पहिला प्रतिसादही थंडावतो. उपाशी असताना हे शहाणपणाचंच आहे, कारण उरलेलं ग्लुकोज मेंदूसाठी राखून ठेवायचं असतं. अशा वेळी अचानक ग्लुकोजचा मोठा डोस आला की शरीर त्याला तयार नसतं, इतकंच.

पुढे १९१३ च्या सुमारास रक्ताच्या थोड्याशा थेंबांतून साखर मोजायच्या पद्धती आल्या आणि माणसाला ग्लुकोज पाजून थोड्या थोड्या वेळाने रक्त तपासणं शक्य झालं. १९२१-२२ मध्ये श्टाउब आणि ट्राउगॉट या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं की ग्लुकोजचा एक डोस देऊन काही वेळाने दुसरा दिला, तर दुसऱ्या वेळी साखर कमी चढते. म्हणजे पहिल्या डोसने शरीर 'जागं' होतं. चाचणी स्वतःच शरीर बदलते, हे लक्षात ठेवा.

यानंतर येतो हॅरोल्ड हिम्सवर्थ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधला तिशीचा डॉक्टर. त्याने निरोगी पुरुषांना काही दिवस ठरावीक आहार दिला, कधी कर्बोदकं जास्त, कधी कमी आणि चरबी जास्त. मग त्यांची ग्लुकोज टेस्ट केली. १९३५ मध्ये छापलेला त्याचा निष्कर्ष असा होता की त्याच माणसाला, आजार नसताना, आधीच्या आहारातली कर्बोदकं कमी केली तर टेस्ट बिघडते आणि वाढवली तर सुधारते. इन्सुलिनला शरीर किती दाद देतं, तेही आधीच्या आहारावर अवलंबून असतं.

हाच हिम्सवर्थ १९३६ मध्ये मधुमेहाचे दोन प्रकार वेगळे करणारा पेपर लिहितो. एका प्रकारातले रुग्ण इन्सुलिनला दाद देतात, दुसऱ्यातले देत नाहीत. आपण ज्याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतो, त्या कल्पनेचं मूळ इथे आहे. माझ्या मते हा योगायोग नाही. आहाराने निरोगी माणसाची दाद कशी बदलते ते त्याने आधी नीट मोजलं होतं, म्हणून आजारातला फरक त्याला ओळखता आला.

१९४० मध्ये अमेरिकेत जेरोम कॉनने स्पष्टच लिहिलं की चाचणीआधी सगळ्यांना सारखा तयारीचा आहार दिल्याशिवाय तिचा अर्थ लावू नका. आजच्या जागतिक नियमात याचाच वारसा आहे. आधीचे किमान तीन दिवस रोज १५० ग्रॅमपेक्षा जास्त कर्बोदकं, नेहमीची हालचाल, रात्री ८ ते १४ तास पोट रिकामं आणि मग ७५ ग्रॅम ग्लुकोज. माझ्या जिमवाल्या मित्राचं उत्तर १९३५ मध्येच मिळालं होतं. मी ते वाचलं नव्हतं.

इथे एक सावधानता. यावरून 'भरपूर भात खा म्हणजे मधुमेह होणार नाही' असा अर्थ काढू नका. हिम्सवर्थने दाखवला तो काही दिवसांचा जुळवून घेण्याचा बदल होता. वर्षानुवर्षांचा आहार आणि आजार हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

दुसरा टप्पा: आधीच्या रात्री

आहाराचा प्रश्न सुटला म्हणून सगळे निवांत झाले. पण १९६९ मध्ये लंडनमध्ये जॅरेट आणि कीन यांनी दाखवलं की तीच चाचणी दुपारी केली तर सकाळपेक्षा साखर जास्त चढते. म्हणजे घड्याळही यात आहे. आणि घड्याळ आलं की झोप आलीच.

झोपेच्या शरीरशास्त्राचं एक मोठं केंद्र शिकागो विद्यापीठात होतं. तिथे नॅथॅनिएल क्लाइटमनने १९२३ मध्ये झोप तोडल्यावर शरीरात काय होतं, यावर पीएचडी केली होती. पण अनेक दशकं समज असा राहिला की झोप मुख्यतः मेंदूसाठी असते आणि बाकी शरीराचं तिच्यावाचून फारसं अडत नाही.

याला धक्का दिला तो त्याच विद्यापीठातल्या कारीन स्पीगेल, राशेल लप्रू आणि ईव्ह फान काउटर यांनी. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा पेपर आला. ११ निरोगी तरुण पुरुष, सलग १६ रात्री प्रयोगशाळेत. आधी ३ रात्री ८ तास अंथरुणात, मग ६ रात्री फक्त ४ तास आणि शेवटी ७ रात्री १२ तास. झोप कमी असताना शिरेतून दिलेलं ग्लुकोज रक्तातून निघून जायला लागणारा वेळ वाढला. हा वेग भरपूर झोपेच्या काळापेक्षा सुमारे ४० टक्के कमी होता. संध्याकाळचं कॉर्टिसोलही चढलेलं होतं. फक्त सहा रात्रींत!

आता संशोधक म्हणून या पेपरकडे बघा. माणसं अकराच, सगळे पुरुष, सगळे तरुण. शिवाय कमी झोप आधी आणि जास्त झोप नंतर, हा क्रम सगळ्यांना सारखाच होता. तुलनाही ४ तास विरुद्ध १२ तास अशी टोकाची. जर्नल क्लबमध्ये पाच मिनिटांत या त्रुटी सापडतात आणि तिथे थांबून आपण स्वतःवर खूश होतो.

पण त्या गटाने पुढे काय केलं ते जास्त शिकण्यासारखं आहे. साहजिक शंका होती की बिघाड झोपेमुळे झाला की जास्त वेळ जागं राहिल्यामुळे? जागेपणी माणूस खातो, उजेडात राहतो, ताण घेतो. म्हणून २००८ मध्ये एस्रा तसाली आणि सहकाऱ्यांनी वेगळीच रचना केली. ९ निरोगी तरुण, त्यात या वेळी स्त्रियाही होत्या. त्यांना पूर्ण वेळ झोपू दिलं, पण गाढ झोप लागू लागली की आवाज करायचा. जाग येणार नाही, फक्त झोप उथळ होईल इतपतच. झोपेचे एकूण तास तेवढेच राहिले. तीन रात्रींनंतर इन्सुलिनला मिळणारी दाद सुमारे २५ टक्क्यांनी घटली होती.

म्हणजे तास बदलले नाहीत, फक्त प्रत बदलली, तरी साखर हलली. आधीच्या पेपरची खरी टीका ही अशी असते, पुढच्या प्रयोगाच्या रूपात.

आणि तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या चाचणीविषयक सूचना काढून बघा. औषधं, हालचालीचा अभाव, जंतुसंसर्ग यांची नोंद ठेवा असं त्यात आहे. झोपेचं नाव नाही. नियम नेहमी ज्ञानाच्या मागून येतात. नियम पाळले म्हणजे सगळे घटक सांभाळले असं होत नाही.

तिसरा टप्पा: आणखी मागे, पुण्याजवळच्या गावांत

दिवस झाले, रात्री झाल्या. पण 'आधी' म्हणजे किती आधी? याचं एक उत्तर आपल्या शेजारीच मिळालं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यापुढे कोडं होतं की भारतीय माणसाला तुलनेने सडपातळ असताना आणि लवकर वयात मधुमेह का होतो? १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर होण्याआधीपासून स्त्रियांची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्या काय खातात, किती कष्ट करतात, बाळ कसं जन्मतं, सगळं मोजलं. या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं, तर तुलनेला घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण वजन, पोट, दंड सगळं बारीक असूनही पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे बाळ बारीक, तरी चरबीचं प्रमाण जास्त.

२००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. एका फोटोने अख्खा युक्तिवाद मांडला.

आता माझ्या तक्त्यातल्या 'सडपातळ, ठणठणीत' या शब्दांकडे बघा. ठणठणीत कशावरून? वजनकाट्यावरून. माझा निकषच तोकडा होता.

मग आपण काय करायचं?

एक गोष्ट नीट समजून घ्या. 'आधी काय झालं होतं' हा प्रश्न आकडा खोटा ठरवण्यासाठी नाही. त्या मुलांची साखर त्या सकाळी खरंच चढली होती. पण ती कशामुळे चढली, हे मला सांगता येत नव्हतं. १४० आणि २०० या रेषांवर माणसांना शिक्के बसतात. एखाद्या विशीतल्या मुलाला 'तू मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेस' असं सांगितलं, तर ते तो घरी घेऊन जातो, त्याची आई रात्रभर जागते. म्हणूनच लक्षणं नसताना एका चाचणीवर निदान करत नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासतात. उलट बाजूने, 'झोप झाली नव्हती म्हणून आली असेल' असं म्हणून चढलेली साखर सोडून देणंही तितकंच धोक्याचं. मी माझ्या त्या चार-पाच मित्रांना नीट झोपून, नीट जेवून पुन्हा तपासणी करायला लावली. खरं तर ते काम पायलटच्या आधी व्हायला हवं होतं.

आता माझ्या फॉर्मवर चार रकाने वाढलेत. मागच्या तीन दिवसांचं जेवण, मागच्या तीन रात्रींची झोप, गेल्या आठवड्यातलं आजारपण आणि औषधं, आणि माहीत असेल तर जन्माच्या वेळचं वजन. शिवाय माहितीपत्रकात 'उपवास' हा शब्द मी खोडला. आपल्याकडे उपवास म्हटलं की खिचडी, रताळं, वऱ्याचे तांदूळ आलेच आणि ही सगळी कर्बोदकंच. तिथे आता लिहिलंय, 'रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काहीही घेऊ नका, फराळही नाही.'

तुमचा विषय ग्लुकोज नसेलही. माती असेल, मतदार असतील, नाहीतर मुलांचे गुण असतील. पण तुम्ही मोजाल ती गोष्ट तुमच्या दारात येण्याआधी कुठून तरी आलेली असते. तेवढं विचारायला एक रकाना ठेवा. पायलटच्या आधी.