मोडीचा जनक शोधणाऱ्यांस

मोडी लिपी हेमाडपंताने केली, असे एक पक्ष म्हणतो. काहींच्या मते ती त्याने थेट लंकेहून आणली. दुसरा पक्ष हेमाडपंताला बाजूला सारून शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांना तो मान देतो, आणि शत्रूला कळू नये म्हणून ही गुप्त लिपी काढली, असे वर ठोकून देतो. गुंजवण्याहून राजगडाची चढण चढणाऱ्यांच्या गप्पांत हे दोन्ही पक्ष सुखाने नांदतात. टिकत मात्र दोन्ही नाहीत.

बाळाजींचा दावा तारखेनेच पडतो. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 1389 सालचा मोडी कागद आहे, म्हणजे राजगड बांधायला घेतला त्याच्या सुमारे अडीचशे वर्षे आधीचा. बाळाजींचे अक्षर नावाजलेले होते आणि चिटणिशी वळण पुढच्यांनी गिरवले, हे मान्य. पण वळण घालून देणारा लिपीचा जन्मदाता ठरत नाही.

गुप्ततेचा तर्क त्याहून पोकळ. गुंजण मावळच्या शिळीमकर देशमुखांचा काय, कारीच्या जेध्यांचा काय, वतनाचा व्यवहार मोडीतच चाले. निजामशाही-आदिलशाहीच्या फारसी कागदांवरचा मराठी मजकूरही मोडीतच असे. ज्या लिपीत विजापूरचाच कारकून लिहितो, ती विजापूरपासून काय लपवणार? ठरवून केलेली गुप्त लिपी पाहायची असेल तर महानुभावांची सकळ लिपी पाहावी: एका अक्षराच्या जागी दुसरेच चिन्ह, पंथाबाहेरच्याला वाचता येऊ नये म्हणून. मोडीत अशी अदलाबदल नाही. वर्णमाला नागरीचीच, बोरू शक्यतो न उचलता लिहायचे म्हणून अक्षरांना गाठी आणि वळसे पडले. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरे जोडत जायची. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. कारकुनाची घाई यात पानोपानी दिसते.

हेमाडपंताचे प्रकरण इतक्या झटपट निकाली निघत नाही. महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा तो श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा मुख्य अधिकारी. पत्रे कशी लिहावीत याचे नियम सांगणारी मेस्तकेही त्याच्या नावावर आहेत. त्यामुळे दफ्तराला शिस्त लावण्याचे श्रेय त्याला जरूर द्यावे. लोकांनी त्यापुढे जाऊन दफ्तरात जे जे घडले ते सगळे त्याच्या खात्यावर मांडले. लंकेची कथा तर मोडीबरोबर बाजरीही त्याच्याच हातून आणवते! बाजरी हडप्पाकाळापासून या देशात पिकते आहे. शिवाय मोडी सिंहलीवरून आली असती, तर अक्षरांची घडण नागरीशी जुळली नसती. आणि मोडीला हेमाडपंत लागतो, तर बिहारकडच्या कैथीला कोण लागला? व्यापाऱ्यांच्या महाजनीला कोण? जिथे रोज ढिगाने लिहावे लागले, तिथे हातानेच अक्षर मोडले.

कर्ता शोधण्याची ही खोड जुनी आहे. चिनी परंपरेत चित्रलिपीचा जनक त्सांग-च्ये, चार डोळ्यांचा. त्याने अक्षरे काढली तेव्हा म्हणे आकाशातून धान्य बरसले आणि रात्री भुते रडली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या शुन-त्झ या विचारवंताने मात्र शांतपणे नोंदवले, की लिहिण्याची आवड अनेकांना होती, नाव तेवढे त्सांग-च्येचे उरले. आपल्या वादाला याहून जवळचा दाखला ‘कारकुनी’ लिपीचा. सम्राट छिन श-हुआंगच्या काळात छंग म्याओ नावाच्या कैदी अधिकाऱ्याने ती तुरुंगात बसून रचली, असे शतकानुशतके सांगितले गेले. मग जमीन बोलू लागली. 1975 साली श्वेइहुदी इथे शी नावाच्या एका सामान्य अधिकाऱ्याच्या थडग्यात कायद्यांच्या नोंदींनी भरलेल्या अकराशेहून अधिक बांबूच्या पट्ट्या निघाल्या, याच कारकुनी वळणाच्या. पाठोपाठ छिंगछुआन इथे इ.स.पू. 309 ची लाकडी पाटी सापडली. तिच्यावरही कारकुनी लिपीची पूर्वरूपे आहेत. छिन श-हुआंग सम्राट झाला इ.स.पू. 221 मध्ये. छंग म्याओने फार तर वापरातले अक्षर नीटनेटके केले असेल. आपल्या हेमाडपंताचे काम याहून निराळे असण्याचे कारण मला दिसत नाही.

राजगडावरून सुटलेल्या पत्रांतच हा इतिहास वाचता येतो. मजकूर मोडीत, पण मुद्रा नागरीत. चीनमध्येही पत्र धावत्या अक्षरात लिहीत आणि खाली शिक्का उठवीत तो पुरातन ‘मुद्रालिपी’त. जे कोरायचे ते जुन्या ठाशीव रूपात राहिले, जे रोज लिहायचे ते बदलत गेले.

हा वाद नुसता पंडिती नाही. मोडी एका माणसाने एकदा घडवली असे धरले, की शिवकाळ, पेशवाई आणि इंग्रजी अमल यांतल्या वळणांतला फरक नजरेआड होतो; आणि वतनासाठी मागाहून रचलेला बनावट कागद पकडला जातो तो बऱ्याचदा याच फरकावरून. भोर-वेल्ह्यातल्या ज्या घरांत मोडी रुमाल बांधून ठेवलेले आहेत, त्यांनी ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत, आणि कागदावरच्या तारखेइतकेच त्याचे वळणही तपासून घ्यावे.